आठ सेल आणि अर्धं धुळे

अंगठी हरवली कशी, हे घरात सांगून झालंय आणि त्यावर जे ऐकायचं तेही ऐकून झालंय. युरिया फेकताना मुठीबरोबर तीही कपाशीत गेली. सासऱ्यांनी दिलेली, पाच ग्रॅम. भाच्याने कुठून तरी मेटल डिटेक्टर आणून दिला. त्यात घड्याळात घालतो तसले साधे आठ सेल टाकले, तर दुसऱ्या दिवशी मशीन कण्हायला लागलं. भाचा म्हणाला, "मामा, चार्जिंगचे सेल घ्या." एवढ्याशा कामासाठी मी परवा धुळ्याला गेलो आणि आज गावात तोंड लपवून फिरतोय.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. कॅप्टन ब्रिग्जने 1819 साली धुळ्याला खान्देशचं मुख्य ठाणं केलं आणि गल्ल्या कशा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत, हे धुळेकर पाहुण्याला जेवायला वाढण्याआधी ऐकवतात. गल्ल्या सरळ आहेत, मान्य. दुकानदारांचं मात्र ब्रिग्जला जमलेलं दिसत नाही.

"डिटेक्टरसाठी चार्जिंगचे पेन्सिल सेल द्या, आठ," मी हळू आवाजात म्हणालो. दुकानात स्टुलावर एक नाना बसले होते. पांढरी टोपी, हातात छत्री. त्यांचं कानातलं मशीन काउंटरवर उघडं पडलेलं, सेल बदलायला. म्हणजे त्या घडीला नानांना काहीही ऐकू येत नव्हतं, आणि ज्याला ऐकू येत नाही तो जगालाही बहिरं समजून बोलतो.

"काय मागतो हा?" नाना ओरडले.

दुकानदार त्यांच्या कानाशी जाऊन दुप्पट ओरडला, "सोनं शोधायच्या मशीनचे सेल!"

"सोनं? कोठे सापडनं?"

गल्लीतल्या दोन मोटारसायकली थांबल्या. मी म्हणालो, "नाना, माझी अंगठी हरवलीय."

"हंडा! हंडा म्हणतो तो! तुन्हा वावरमा? गट नंबर काय?"

नाना निवृत्त तलाठी निघाले. माझं नशीब. जिरायत की बागायत, सातबाऱ्यावर किती नावं, इतर हक्कात कोणी बहीण आहे का, सगळी चौकशी झाली. मग छत्री आपटत त्यांनी कायदा सांगितला: 1878 चा, इंग्रजांचा, अजून चालू. जमिनीतून दहा रुपयांच्या वर किंमतीचं काहीही निघालं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. "अहो, माझीच अंगठी आहे," मी ओरडलो. "पावती आहे का?" हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं.

दुकानदाराने तेवढ्यात त्यांच्या मशीनच्या बारक्या सेलवरचं स्टिकर काढलं. "मिनिटभर थांबा नाना, याला हवा लागू द्या, मग चालतो." हे खरं आहे, तो सेल हवेवर चालतो. पण माझी अब्रू जायला तेवढं मिनिट पुरलं.

मला दिलेल्या पाकिटावर 4800 एमएएच छापलेलं, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, पेन्सिल सेल खरा असेल तर दोन हजार, फार तर अडीच हजाराच्या आसपास. वजन करून बघा. चांगला सेल पंचवीस-तीस ग्रॅम भरतो." आता एक सेल तोलायचा कुठे? शेजारी सराफाचं दुकान होतं. सराफाने आधी मला पाहिलं, मग सेलला पाहिलं, आणि नथी तोलायच्या काट्यावर ठेवला. सोळा ग्रॅम. आत काय भरलं होतं कोण जाणे.

मी बाहेर आलो तर पायरीवर नाना, कानात मशीन, आता सगळं ऐकू येत असलेले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "तोलायला आणलं होतं ना? कोणले सांगू नको."

अर्ध्या गल्लीला सांगून झाल्यावर!

दुकानदाराने मग लिथियमचे दाखवले. "हे घ्या भाऊ, डबल पावर." आकार तोच, पण एकेक 3.7 व्होल्टचा. आठ जोडले की तीसच्या घरात, आणि माझं मशीन बाराचं. म्हणजे अंगठीआधी मशीनचीच राख शोधावी लागली असती. शेवटी खालच्या खणातून, जणू चोरीचा माल, दोन हजार एमएएचवाले निघाले. किंमत सांगत नाही. हा लेख घरी वाचला जातो.

रात्रभर चार्ज केले. सकाळी मशीन चालू केलं, तर बॅटरी अर्धी! दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर भाच्याने समजावलं: साधा सेल दीड व्होल्टचा, आठांचे बारा. चार्जिंगचा 1.2 चा, आठांचे 9.6. मशीनचा काटा साध्या सेलसाठी बनवलाय, त्याला हा भरलेला सेलही अर्धा वाटतो. बराच वेळ तो अर्ध्यावरच राहतो आणि मग न सांगता मान टाकतो. बरं, पण हे पाकिटावर का नाही लिहीत? हिरवं पान छापायला जागा आहे, झाड छापायला आहे, पृथ्वीचा गोळा छापायला आहे. गिऱ्हाइकाला उपयोगाची एक ओळ छापायची तर यांची शाई संपते. वर बिल मागितलं की आपल्यालाच चोरासारखं बघतात.

मशीन मात्र चाललं, दिवसभर चाललं. बांधावर अकरा माणसं बसली होती. धुळ्याची बातमी माझ्या एसटीच्या आधी गावात पोहोचली होती. एकाने घरून चटई आणलेली. दर 'टूं'ला अकराही जण उभे राहत.

निघालं ते असं: कोळप्याचा बोल्ट, विळ्याचं अर्धं पातं, गुटख्याच्या चकाकत्या पुड्या सतरा, आणि पाच रुपयांचं एक नाणं. दहाच्या आत आहे, म्हणून कलेक्टरसाहेबांना कळवलेलं नाही.