‘अख्खी वाडी’ म्हणजे नक्की कोण कोण?

आज सकाळी आमच्या शाळेच्या जुन्या गटात कुणीतरी लांबलचक मजकूर टाकला आणि दुपारपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मजकूर ओळखीचाच होता. रविवारची सकाळ, ‘रामायण’ आणि ‘महाभारत’, टीव्हीला घातलेला हार, ओस पडलेले रस्ते, आणि शेवटी ते ठरलेले वाक्य : ‘ज्याच्या घरी टीव्ही असे त्याच्याकडे अख्खी वाडी जमायची, तेव्हा कुणी लहान नव्हते, कुणी मोठे नव्हते.’ मीही मालवण तालुक्यातल्या अशाच एका वाडीत वाढले. वाक्याचा पहिला भाग मला मान्य आहे. दुसऱ्या भागाने डोके फिरले, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या वाडीत बरीच वर्षे एकच टीव्ही होता, लाकडी शटरचा, कृष्णधवल. पोफळीच्या उंच खांबावर ॲन्टेना बांधलेला होता आणि समुद्रावरचा वारा सुटला की त्याचे तोंड भलतीकडे वळायचे. मग घरातला एखादा मुलगा कौलांवर चढे, खालून कुणी म्हणे पणजीकडे फिरव, कुणी म्हणे रत्नागिरीकडे, आणि ‘दिसता काय रे?’ – ‘नाय रे नाय!’ असा जप मुंग्या जाऊन माणसे दिसेपर्यंत चाले. हा भाग आठवला की मलाही हसू येते. तो सगळ्यांनी लिहावा, माझी काही हरकत नाही.

पण बसायचे कुठे, हे कुणी का लिहीत नाही? घरातली माणसे खुर्च्यांवर, त्यांच्या बरोबरीचे शेजारी माजघरात सतरंजीवर, गड्यांची आणि कुळांची मुले पडवीत, आणि आमच्यासारखी त्याहून खालची मुले बाहेर खळ्यात, खिडकीच्या गजांना धरून उभी. हे नियम कुणी सांगत नसे, कारण सांगायची गरजच नव्हती. माझी आई त्या घरी कामाला जायची. त्यामुळे मला खिडकीजवळची जागा मिळे, पण त्याआधी विहिरीवरून कळशा भरून आणाव्या लागत. त्याला त्या वेळी मीही काम म्हणत नव्हते, टीव्हीला जायच्या आधी करायची ती गोष्ट म्हणत होते.

आणि एका रविवारी ती खिडकी लागली. मुंबईहून त्यांचे पाहुणे आले होते, घर भरले होते, बाहेर आम्ही मुले जरा जास्त गलका करत होतो. आतून कुणीतरी ‘वारो येवक देवा रे’ म्हणाले. ते ऐकून आम्ही बाजूला झालो, तेवढ्यात फळ्या ओढून घेतल्या गेल्या. ‘महाभारता’त द्यूतसभेचा भाग चालू होता. पुढचे सगळे मी ऐकले. हरीश भिमाणींच्या आवाजातला ‘समय’, फाशांचा खळखळाट, सभेतली ती शांतता आणि मग द्रौपदीचा आक्रोश. वाडीतल्या आम्हा काही मुलांसाठी ‘महाभारत’ त्या दिवशी आकाशवाणीवरचे नाटक झाले.

बी. आर. चोप्रांची ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाली आणि जून १९९० मध्ये संपली. तो प्रसंग डोळ्यांनी बघायला मला २०२० साल उजाडावे लागले. टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून मी रूपा गांगुलींची द्रौपदी पाहिली. ती भर सभेत भीष्म-द्रोणांना जाब विचारत होती आणि सगळे मोठे लोक खाली बघत होते. मुलगा म्हणाला, ‘आई, तू रडतेस कशाला, तुला तर गोष्ट माहीत आहे.’ त्याला खिडकीचे काय सांगणार?

म्हणून ‘त्या मालिकांनी आमच्यावर संस्कार केले’ हे वाक्य आले की मला राग येतो. कोणते संस्कार? शबरीची बोरे पडद्यावर बघून डोळे पुसायचे आणि पडवीतल्या पोराला सतरंजीवर पाय ठेवू द्यायचा नाही, हे? मालिकांना दोष देत नाही. राही मासूम रझांचे संवाद आजही कानात आहेत. दोष बघणाऱ्यांचा आहे, आणि त्याहून जास्त तो आता आठवणाऱ्यांचा आहे, कारण तेव्हा निदान कुणी समतेचा आव आणत नव्हते.

मला ठाऊक आहे, लगेच कुणी म्हणेल की टीव्ही त्यांच्या पैशांचा होता, विजेचे बिल ते भरत होते, आणि दर रविवारी पन्नास माणसे घरात घेणे सोपे नसते. बरोबर आहे. आज माझ्याकडे कुणी असे आले तर तिसऱ्या आठवड्याला मीही कंटाळेन. पण मग कंटाळलो होतो असे लिहा. एकोपा होता असे कशाला लिहिता?

लिहिता लिहिता त्या घरातल्या आजी आठवल्या, आणि त्यांच्याविषयी न लिहिणे अन्याय होईल. त्यांना हिंदी फारसे कळत नसे आणि युद्ध सुरू झाले की त्या उठून स्वयंपाकघरात जात. पण मुंबई केंद्रावर ‘गोट्या’ लागला की त्या स्वतः खिडकीपाशी येत, फळी पूर्ण उघडत, आणि गजांतून आम्हाला आमसुलाची गोळी नाहीतर खोबऱ्याचा तुकडा देत. पोरक्या गोट्याला परक्या घरात जीव लावणारी माणसे मिळतात, ती गोष्ट त्यांना फार आवडे. मराठी शब्द त्यांना समजत, तरी त्या आम्हालाही मध्येच विचारत, ‘काय म्हणालो तो?’ त्या घरात टीव्हीबद्दल माझ्याशी बोललेल्या त्या एकट्या. माझ्या लहानपणीचा आवडता कार्यक्रम कोणता असे विचारले तर मी अजून ‘गोट्या’च सांगते, आणि त्यात मालिकेचा वाटा किती, आजींचा किती, हे मला वेगळे काढता येत नाही. (आजच्या गटातल्या यादीत ‘गोट्या’ नव्हता, ‘चिमणराव’ही नव्हता. दिल्लीहून येत होते तेवढेच बालपण, असे लोकांनी ठरवलेले दिसते.)

पण त्या द्यूतसभेच्या दिवशी आजीही आतच होत्या. खिडकी त्यांनी लावली नाही, उघडलीही नाही. पाहुण्यांसमोर त्यांचे तरी काय चालणार होते, असे मी स्वतःला समजावते, आणि ते मला निम्मेच पटते.

आता खाली कुणीतरी नक्की विचारील की ते घर कोणाचे. सांगणार नाही. त्या घरच्या माणसांशी आमचे आजही जाणे-येणे आहे, गणपतीला मी तिथे जाते, खुर्चीवर बसते, चहा घेते. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील. बाकीच्यांनी पुढच्या वेळी ‘अख्खी वाडी’ असे लिहिण्याआधी आपण त्या खोलीत कुठे बसलो होतो तेवढे पहिल्या ओळीत लिहावे, मग पुढचे मी आवडीने वाचेन.