‘एक कमांड मारा, झालं!’ म्हणे

आमच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘आरडीएफ फाइल कुठल्याही ग्राफ डेटाबेसमध्ये एका कमांडने जाते. फॉरमॅट कोणताही चालतो. चुकलं तर परत लोड करा, डुप्लिकेट होत नाही. जोडाजोड डेटाबेस आपोआप करतो.’ आरडीएफ म्हणजे माहिती तीन तुकड्यांच्या छोट्या विधानांत लिहायची पद्धत, आणि ग्राफ डेटाबेस म्हणजे ती नोड (गोष्टी) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांत साठवणारा. मराठवाड्यातल्या धरणांचा डेटा भरताना यातल्या जवळपास प्रत्येक वाक्याने मला रात्री जागवलंय.

‘कुठल्याही’ म्हणजे? फ्युसेकी, ग्राफडीबी, व्हर्चुओसो या डेटाबेसांसाठी आरडीएफ घरचंच. निओफोरजे पडला प्रॉपर्टी ग्राफवाला, म्हणजे तपशील नोडवर आणि रेषांवरच साठवणारा. त्याला आधी निओसेमँटिक्स प्लगइन बसवा, ‘रिसोर्स’ नोडच्या यूआरआयवर (वेबसारखा पूर्ण पत्ता, तीच त्या गोष्टीची ओळख) युनिक कंस्ट्रेंट टाका, म्हणजे एक पत्ता एकाच नोडचा, कॉन्फिगरेशन करा, मग इम्पोर्ट.

फॉरमॅटचं थोडक्यात. एन-ट्रिपल्समध्ये एका ओळीत एक विधान, पूर्ण पत्त्यासकट, त्यामुळे मोठी फाइल ओळीवर तोडता येते. टर्टलमध्ये प्रीफिक्स, म्हणजे लांब पत्त्यांची छोटी रूपं, सहसा वर एकदाच लिहिलेले असतात. फाइल मधून कापली की खालच्या तुकड्याला ‘धरण:’ म्हणजे काय तेच कळत नाही आणि लोडर तिथेच अडतो.

सगळ्यात फसवं वाक्य डुप्लिकेटचं, कारण ते अर्धं खरं आहे. ‘जायकवाडी, नदी, गोदावरी’ हे विधान एकाच ग्राफमध्ये (डेटाबेसमधला विधानांचा एक कप्पा) दहा वेळा भरा, एकदाच राहील. पण माझ्या फाइलीत जायकवाडीचं स्थान एका बिननावाच्या नोडवर होतं, ‘_:ब१’, आणि अक्षांश-रेखांश त्याला लटकवलेले. हे ‘ब१’ फक्त त्या फाइलीपुरतं. पुढच्या लोडला डेटाबेस नवाच नोड काढतो. मी तीनदा लोड केलं, क्वेरीत जायकवाडी तीन ओळींत आलं. तिन्ही पैठणलाच होती, तेवढं नशीब! तुकडे करून भरतानाही हाच घोळ: दोन तुकड्यांतले ‘ब१’ एकमेकांना ओळखत नाहीत. आता मी स्थानालाही यूआरआय देतो, आणि प्रत्येक फाइल स्वतःच्या नावाच्या ग्राफमध्ये टाकतो. परत भरायची वेळ आली की तेवढा ग्राफ रिकामा करायचा.

राहिली जोडाजोड. २०२३ मध्ये जिल्ह्यांची नावं बदलली. माझ्या एका फाइलीत औरंगाबादचा यूआरआय, दुसरीत छत्रपती संभाजीनगरचा. डेटाबेसच्या लेखी दोन वेगळे जिल्हे. ‘एचटीटीपी’च्या पुढे एक ‘एस’ जास्त लागला तरी नोड वेगळा. ‘सेम ॲज’ (हे दोन एकच) लिहिलं आणि रीझनिंग, म्हणजे विधानांवरून निष्कर्ष काढणं, बंद असलं, तर ते नुसतंच आणखी एक विधान. यूआरआय एकच ठेवून जुनं-नवं नाव लेबलात द्यायला हवं होतं. दिलं नव्हतं. मराठवाड्यात जिल्हे आठ. माझ्या क्वेरीने दहा मोजले, उस्मानाबाद आणि धाराशिव शेजारी शेजारी.