मॅकिन्लेच्या आयातकराने कामगाराला काय दिले?

नमस्कार. अमेरिकेच्या आयातकरावरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, हे प्रतिक्रियेवरून कळतेच. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: एकोणिसाव्या शतकात अमेरिका आयातकराच्या जोरावरच श्रीमंत झाली, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले विल्यम मॅकिन्ले हा त्याचा पुरावा, आणि माझ्यासारखे लोक पुस्तकी अर्थशास्त्रापायी ओहायो-पेनसिल्व्हेनियातल्या कामगाराला विसरतात. दुसरा आरोप मला जास्त लागला.

आधी मॅकिन्ले. जानेवारी 2025 मधल्या शपथविधीच्या भाषणात ट्रम्प यांनी त्यांचे नाव घेतल्यापासून ते पुन्हा चर्चेत आले आहेत. खासदार असताना त्यांनी आणलेल्या 1890 च्या कायद्याने करपात्र मालावरचा सरासरी कर जवळजवळ 50 टक्क्यांवर नेला. त्या काळात अमेरिका झपाट्याने वाढली हे खरेच, आणि कथलाच्या पत्र्यासारखे काही उद्योग या करामुळे लवकर उभे राहिले हेही मी नाकारत नाही. पण वाढीचे श्रेय करालाच द्यायचे, तर त्या वेळी आणखी काय काय चालू होते ते आधी बाजूला सारावे लागेल. 1870 ते 1900 या काळात सुमारे 1.2 कोटी माणसे बाहेरून अमेरिकेत आली. ब्रिटिश भांडवल तिथल्या रेल्वेत ओतले जात होते. आणि मेनपासून कॅलिफोर्नियापर्यंत माल फिरायला आडकाठी नव्हती, कारण राज्यांनी एकमेकांच्या मालावर कर लावायला राज्यघटनेचीच मनाई आहे. मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यांवर ट्रकच्या रांगा पाहिलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. आपल्याकडे ती मोकळीक 2017 साली आली. एवढा प्रचंड मुक्त बाजार देशातच असताना अमेरिका बंद दारांमागे वाढली असे म्हणणे मला पटत नाही.

आता कामगार. आयातकराने देशी उद्योगाला संरक्षण द्यावे असे म्हणणारे तेव्हाही हेच सांगत की परदेशी माल महाग झाला की देशी मजुरी वाढेल. हा कायदा होऊन दोन वर्षे होत नाहीत तोच, 1892 च्या उन्हाळ्यात, पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडला उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींच्या पोलाद कारखान्यात मजुरीकपातीवरून संघर्ष पेटला. कायद्यात पोलादाचे काही दर उतरले होते, तरी संरक्षण भक्कमच होते. व्यवस्थापक हेन्री फ्रिक यांनी कारखान्याला कुंपण घातले, टाळे लावले आणि पिंकर्टन या खासगी सुरक्षा कंपनीचे 300 सशस्त्र रखवालदार नदीमार्गे आणवले. 6 जुलैला गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली. मग राज्याचे सैन्य उतरले आणि संघटना मोडली. पोलाद उद्योगात कामगार संघटनेला पुन्हा उभे राहायला 1930 चे दशक उजाडावे लागले. कर मालकाच्या मालाला संरक्षण देत होता. त्यातला वाटा मजुराला मिळावा अशी एक ओळही त्या कायद्यात नव्हती. माझा सगळा आक्षेप इथे आहे.

मतदारांनाही तो कायदा रुचला नाही. 1890 च्या निवडणुकीत मॅकिन्लेंच्या रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या आपल्या निम्म्याच्या आसपास जागा गमावल्या. मॅकिन्लेही पडले, अर्थात त्यांच्या मतदारसंघाची सीमा विरोधकांनी बदलून घेतली होती हेही सांगायला हवे. पुढे राष्ट्राध्यक्ष म्हणून 5 सप्टेंबर 1901 रोजी बफेलोच्या प्रदर्शनात बोलताना त्यांनी परस्पर सवलतींच्या करारांची बाजू मांडली. आपण सगळे विकू आणि काहीच विकत घेणार नाही, हे कायम चालणार नाही, व्यापारयुद्धे फायद्याची नसतात, असे त्यांनी स्वतः सांगितले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तुम्ही 1890 चे मॅकिन्ले उद्धृत करता, तेव्हा 1901 चेही वाचा, एवढीच विनंती.

जुना इतिहास सोडा म्हणाल, तर 2018 घ्या. आयात वॉशिंग मशीनवर कर लावल्यावर किमती सुमारे 12 टक्क्यांनी चढल्या. ज्यांच्यावर कर नव्हता ते ड्रायरही तितकेच महागले, कारण दोन्ही जोडीने विकले जातात. नोकऱ्या वाढल्या, सुमारे 1,800. अर्थशास्त्रज्ञांच्या हिशेबाने त्यातली एकेक ग्राहकांना वर्षाला 8 लाख डॉलरहून अधिक पडली. चीनने अमेरिकी सोयाबीनवर उलट कर लावला, तेव्हा शेतकऱ्यांसाठी सरकारला 2,800 कोटी डॉलरची मदत जाहीर करावी लागली.

राहिला विसरण्याचा आरोप. ओहायोच्या यंगस्टाउनमध्ये 19 सप्टेंबर 1977 रोजी कॅम्बेल वर्क्स हा पोलाद कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे 5,000 लोकांचे काम गेले. त्याला आयात कारणीभूत होतीच, पण जुनाट भट्ट्यांवर खर्च न करणारे मालकही होते. चीन तेव्हा कुठेच नव्हता. त्या लोकांचे हाल मला दिसतात, म्हणूनच त्यांच्या नावाने मालकाला मिळणारे संरक्षण मला डाचते. केनेडींच्या काळात, 1962 साली, आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी प्रशिक्षण आणि उत्पन्नाची मदत देणारी योजना आली होती. मदत तोकडी होती, पण ती थेट कामगाराच्या हातात जात होती. अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मुदत वाढवली नाही आणि जुलै 2022 पासून नव्या अर्जांना ती बंद झाली. आयातकरातून येणाऱ्या पैशातून आधी ती योजना पुन्हा सुरू करा असे कोणी म्हणत असेल, तर मी त्याच्या बाजूने लिहायला तयार आहे. तुम्ही त्या मागणीला पाठिंबा द्याल का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.