एक जानेवारीचा वाढदिवस

आमच्या हॅम्बुर्गच्या मराठी ग्रुपवर परवा पुन्हा तेच सुरू झालं. "आपण ब्लू कार्डावर रीतसर आलो, टॅक्स भरतो आणि हे अफगाणी फुकट खातात." (ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळणारा परवाना.) कुणी हूं की चूं केलं नाही. मीसुद्धा. म्हणून आता इथे लिहितोय.

आधी एक कबूल करतो. २०२५ च्या जानेवारीत आशाफेनबुर्गला चाकूहल्ला झाला, फेब्रुवारीत म्युनिकला गर्दीत गाडी घातली गेली. दोन्ही वेळा पकडलेला तरुण अफगाण होता. त्या दिवसांत ट्रेनमध्ये दाढीवाला पोरगा शेजारी बसला की मीही बॅग जवळ ओढायचो. (समोरची जर्मन आजी मला बघून आपली पर्स ओढायची, ते वेगळंच. तिला सोलापूर काय नि काबूल काय!)

तर, शनिवारी मी एका पोराला गणित शिकवतो. हजारा आहे, म्हणजे अफगाणिस्तानातल्या एका अल्पसंख्य जमातीचा, मूळ तिकडच्या गझनीचा, दहाव्या वर्षापासून इराणात. २०२२ मध्ये इथे एकटा आला. इलेक्ट्रिशियनची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता शिकायचं प्रशिक्षण, करतोय. मला 'काका' म्हणतो. दारीतही, म्हणजे त्याच्या भाषेतही, काका म्हणजे काकाच.

ओहमचा नियम तोंडपाठ. अडतो तो आकडे ऐकताना. दारीत आधी सत्तर, मग चार. जर्मनमध्ये आधी चार, मग सत्तर. साइटवर मास्टरने ७४ सेंटीमीटर सांगितलं, याने पट्टी ४७ वर कापली. गेली फुकट. मला हे आकडे कधीच जड गेले नव्हते, आणि का ते त्याला शिकवताना कळलं. चौऱ्याहत्तर! आपणही चार आधीच म्हणतो की.

पण त्याला खरा नडला तो वेगळाच आकडा. त्याच्या तझकिऱ्यावर, म्हणजे तिकडच्या ओळखपत्रावर, जन्मतारीखच नाही. लिहिलंय काय, तर 'सन १३९४ मध्ये चेहऱ्यावरून वय १० वर्षं'. सन त्यांचं, सौर हिजरी; आपलं २०१५-१६. इथल्या साहेबाने हिशोब करून १ जानेवारी २००६ टाकली. त्याच्या होस्टेलात चौघांचा वाढदिवस १ जानेवारीला असतो. केक एकच आणतात.

हसू नका. अठराच्या आत असाल तर आईवडिलांना बोलावण्याची थोडी तरी वाट असते. याचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत १ जानेवारी २०२४ उजाडली आणि पोरगं सज्ञान झालं. आई इराणात, मशहदलाच राहिली. पुढे २०२५ मध्ये इराणने लाखो अफगाणांना परत धाडलं, त्यात तीही गेली. त्याच वर्षी जुलैत जर्मनीने याच्यासारख्या दुय्यम संरक्षणवाल्यांची (निर्वासिताचा पूर्ण दर्जा नाही, पण राहायची परवानगी आहे अशांची) कुटुंबं आणणं दोन वर्षांसाठी बंद केलं. फोन लागला तर लागतो.

आणि 'फुकट' म्हणाल तर, त्याच्या शिकाऊ पगारातूनही आपल्यासारखाच विमा आणि पेन्शन कापली जाते. 'रीतसर'चं म्हणाल तर आपल्या कागदांवर तारखा होत्या. डिग्री, पासपोर्ट, जन्माचा दाखला. त्यात आपली कर्तबगारी किती, हे ज्याने त्याने आपल्यापुरतं तपासावं.

गेल्या शनिवारी अण्णांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तो शेजारीच होता. त्याच्या तारखेची गोष्ट सांगितली, तर अण्णा खूश! त्यांचा वाढदिवस कागदोपत्री १ जून. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेला. आजी म्हणायची, पोळा होऊन गेला होता.

"त्याची आई काय म्हणते विचार," अण्णा म्हणाले.

विचारलं. बर्फ वितळायला लागलं होतं, नवरोज, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, आठवड्यावर आला होता, म्हणाला.

"नवरोज कधी असतो?"

"२१ मार्चला."

अण्णांनी बोटं मोजली. "म्हणजे अडीच महिने साहेबाने खाल्ले की रे त्याचे."

हे मी त्याला भाषांतर करून सांगितलं नाही.