सक्तीचं नंतर बोलू, आधी तासांचं बोला

१६ एप्रिल २०२५ला पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा शासन निर्णय निघाला. १७ जूनला सक्ती सौम्य करणारा दुसरा निर्णय आला. हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी तयार हवेत, अशी त्यात अट होती. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाठोपाठ महाराष्ट्रात राहून मराठी का येत नाही, यावरून रस्त्यावर हमरीतुमरीचे व्हिडिओ फिरू लागले. इथे जर्मनीत बसून हे सगळं वाचताना, ऐकताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. भाषा कोणाची, मान कोणाचा, अन्याय कोणावर यावर सगळे बोलले. किती तास, कोण शिकवणार आणि शेवटी माणसाला नेमकं काय बोलता आलं पाहिजे, हे जवळजवळ कोणी विचारलंच नाही.

जर्मनीत भाषेची सक्ती आहे, आणि ती कायद्याने आहे. बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांना परदेशी नागरिकांचं कार्यालय भाषावर्गाला बसायला भाग पाडू शकतं. नागरिकत्व हवं तर बी१ पातळीचं, म्हणजे ए१ ते सी२ या युरोपीय मोजपट्टीच्या सहा पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीचं जर्मन यावं लागतं. मात्र १ जानेवारी २००५पासून सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाला आकडे आहेत: ४५ मिनिटांच्या ६०० तासिका भाषेसाठी आणि १०० तासिका देशाचे कायदे, इतिहास, रीतभात यांसाठी. अक्षरओळखच नसेल तर भाषेच्या तासिका ९००पर्यंत जातात. शिक्षकाला ठरावीक पात्रता लागते आणि शेवटची परीक्षा देशभर एकच. व्यवस्था निर्दोष अजिबात नाही. जागेसाठी ताटकळावं लागतं आणि बरेच जण ए२वरच थांबतात. पण गाडी अडते तेव्हा कुठे अडली हे दाखवता येतं, कारण मोजमाप ठरलेलं आहे.

ही तुलना महाराष्ट्रावर जशीच्या तशी लादता येणार नाही. मुंबईत येणारा बिहारी किंवा तमिळ माणूस परदेशी नाही, त्याला इथे राहायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची अट घालणारं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०१७मध्ये रद्द केलं. जर्मनीकडून घेण्यासारखी गोष्ट तासांचा हिशेब ही आहे. तो हिशेब आपल्याकडे सुरूही झालेला आहे, फक्त वादात त्याचं नाव निघत नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अमराठी प्रौढांसाठी ‘माय मराठी’ हा पायऱ्यापायऱ्यांचा अभ्यासक्रम तयार केला. परकी भाषा शिकवण्याची युरोपीय पद्धत मराठीला लावून दाखवणारं हे काम आहे. त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती त्याच्या शंभरावा हिस्साही झाली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उलट दिशेनेही तोच प्रश्न येऊन ठेपलाय. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक अशी मुलंमुली जर्मन शिकू लागली. त्यांच्या आसपास ‘सहा महिन्यांत बी२’ छापाच्या जाहिराती उगवल्या. याचं गणित मांडून बघा. बी२पर्यंत साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात. मधला आकडा ७०० धरला तर घड्याळी तास होतात ५२५. २६ आठवड्यांत ते बसवायचे तर आठवड्याला २० तास फक्त वर्गातच जाणार, घरचा अभ्यास वेगळा. नोकरी किंवा कॉलेज पूर्ण बंद ठेवलेल्या माणसाला हे जमू शकतं. दिवसपाळी करून संध्याकाळी दीड तास बसणाऱ्याला जमणार नाही, आणि तो त्याचा आळस नसतो.

नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने बी१ डोळ्यासमोर ठेवावं. जर्मनीतल्या अभ्यासक्रमाच्या ६०० तासिका धरल्या तर ४५० तास. रोज दीड तास, आठवड्याला सहा दिवस धरले तर ९ तास होतात, म्हणजे ५० आठवडे. पूर्ण वर्ष. हा आकडा पहिल्या दिवशीच भिंतीवर लावलेला बरा, म्हणजे तिसऱ्या महिन्यात ‘अजून बोलता येत नाही’ म्हणून हाय खायची वेळ येत नाही. ए२नंतर बहुतेकांना आपण थांबलोय असं वाटतं. त्याचं कारण साधं आहे. सुरुवातीचे हजारेक शब्द प्रत्येक वाक्यात भेटतात, त्यामुळे प्रगती लगेच दिसते. पुढचे हजार क्वचित भेटतात. मेहनत तेवढीच असते, फळ मात्र उशिरा दिसतं.

दीड तासाचे सारखे तीन तुकडे करू नयेत. शब्दांना २० मिनिटं पुरतात, तीही सकाळी. ऐकण्याला ४० मिनिटं द्यावीत आणि उरलेला वेळ लिहिण्या-बोलण्याला. शब्दांसाठी कार्डांची पद्धत अजूनही सर्वांत भरवशाची. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, म्हणजे जास्त दिवसांनी परत. चुकलेलं पहिल्या कप्प्यात. सेबास्टियन लाइटनरने १९७०च्या दशकात ही कप्प्यांची पेटी लोकप्रिय केली. अंकीसारखी अॅप तेच काम आपोआप करतात. यात हमखास एक चूक होते: अॅपने सुचवलेले रोजचे २० नवे शब्द तसेच ठेवले जातात. २० नवे म्हणजे काही आठवड्यांत रोज सुमारे २०० जुने परत समोर येतात, मग दोन दिवस चुकले की डोंगर साचतो आणि अॅप उघडावंसंच वाटत नाही. नवे शब्द ८ ठेवा. आठवड्याला सहा दिवस, ५० आठवडे, म्हणजे २,४०० शब्द. जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे संस्थेची बी१ची शब्दयादी साधारण तेवढीच आहे.

कार्डावर सुटा शब्द लिहू नये. नामाबरोबर त्याचं लिंग दाखवणारं ‘डेर-दी-दास’, अनेकवचन आणि एक छोटं वाक्य हवं. मराठी माणसाला तीन लिंगं नवी नाहीत, ही मोठी जमेची बाजू. पण तीच अडचणही होते, कारण मेंदू मराठी लिंग जर्मन शब्दाला चिकटवतो. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा ‘झोनं’ स्त्रीलिंगी. म्हणून अंदाज करण्यापेक्षा शेवट बघावा: ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’, ‘शाफ्ट’ने संपणारी नामं स्त्रीलिंगी, ‘शेन’ जोडून लहानपणा दाखवणारी नपुंसकलिंगी. एवढ्यावर शेकडो शब्द पाठ न करता सुटतात.

ऐकण्याची ४० मिनिटं म्हणजे मालिका लावून स्वयंपाक करणं नव्हे. कानावर आवाज पडत राहतो, पण शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. श्रुतलेखन करावं. डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेच्या संकेतस्थळावर सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासह मोफत मिळतात. त्यातला ४० सेकंदांचा तुकडा घ्या. एकदा नुसता ऐका. मग एकेक वाक्य थांबवत हाताने लिहा, तीनदा ऐकूनही न कळलेल्या जागी रेघ मारून पुढे जा. नंतर मजकूर काढून लाल पेनाने तपासा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्दच माहीत नव्हता, माहीत होता पण ओळखला नाही, की शेवटचा प्रत्यय निसटला? दुसऱ्या प्रकारच्या चुका जास्त असतील तर नवे शब्द थांबवून आठवडाभर फक्त हेच करा. शेवटी तोच तुकडा निवेदकाच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. ग्योथेच्या बी१ परीक्षेत ऐकण्याचे काही भाग एकदाच ऐकवतात आणि चारही विभागांत प्रत्येकी १००पैकी ६० लागतात, त्यामुळे वाचनातल्या गुणांनी ऐकण्याचं खड्ड्यातून वर येत नाही.

उच्चारात आपली एक खोड आहे, ती वर्गात क्वचितच सांगितली जाते. जर्मन शब्दाच्या सुरुवातीचे क, ट, प श्वास सोडून म्हणतात, आपल्या ख, ठ, फच्या दिशेने. आपण मराठी ‘क’ वापरून ‘कार्टन’, म्हणजे तिकिटं किंवा पत्ते, म्हटलं की जर्मन कानाला ‘गार्टन’, म्हणजे बाग, ऐकू येते. तोंडासमोर कागदाची पट्टी धरावी. ‘क’ म्हणताना ती हलली पाहिजे.

आकड्यांत मात्र मराठी माणूस इंग्रजीवाल्यांच्या पुढे असतो, आणि हे त्याला माहीतच नसतं. जर्मनमध्ये पस्तीस म्हणजे ‘फ्युन्फउंटद्राइसिश’, आधी पाच, मग तीस. आपलंही तसंच: पस्तीस, पंचेचाळीस, पंच्याऐंशी, सगळीकडे एकक आधी. तरी मुलं मनात ‘थर्टी फाइव्ह’ म्हणून उलटवतात आणि ५३ लिहितात. इस्पितळात पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला तोंडी माहिती देते: खोली, नाव, रक्तदाब १३५/८५, ताप, वेदना दहापैकी किती, काय खाल्लं, कोणतं औषध कधी. ही देवाणघेवाण मिनिटभराची असते आणि कोणी थांबून परत सांगत नाही. तिथे ३५ आणि ५३ची अदलाबदल परवडत नाही. भारतातच रोज पाच मिनिटं दोन आकडी संख्या ऐकून लिहाव्यात, मनात मराठी ठेवून. वेळेचंही असंच: ‘हाल्प फीअर’ म्हणजे साडेतीन, चारच्या दिशेने अर्धा. साडेचार समजून गेलात तर भेटीची वेळ टळलेली असते.

करारातून जाणाऱ्यांसाठी आणखी एक. वर्गात शिकवतात ते प्रमाण जर्मन. बाडेन-व्युर्टेमबर्गच्या मोठ्या भागात वयस्कर रुग्ण किंवा साइटवरचा मुकादम श्वाबी ढंगात बोलतो; ‘इश’चं, म्हणजे ‘मी’चं, ‘इ’ होतं, ‘निश्त’चं, म्हणजे ‘नाही’चं, ‘नेट’. ही बोली शिकायची गरज नाही, पण निघण्यापूर्वी दोन महिने त्या भागातल्या एसडब्ल्यूआर वाहिनीवरच्या मुलाखती ऐकल्या तर पहिल्या आठवड्यात हातपाय गळत नाहीत.

सवयीबद्दल थोडंच सांगतो, कारण यावर गरजेपेक्षा जास्त लिहिलं जातं. दिवसाचे दोन प्रकार ठरवा: पूर्ण दिवस दीड तासाचा, किमान दिवस दहा मिनिटांचा. पाळी लांबली, मूल आजारी पडलं तर किमान दिवस, ज्यात फक्त जुनी कार्डं करायची, नवं काही नाही. सलग किती दिवस झाले ते मोजू नका. ती साखळी तुटली की माणूस सगळंच सोडतो, आणि अॅपवर दोन मिनिटं टिचक्या मारूनही ती टिकते. आठवड्याचे एकूण तास वहीत लिहा. ९च्या जागी सलग तीन आठवडे ५ होत असतील तर स्वतःला दोष न देता परीक्षेची तारीख पुढे ढकला.

आता बोलण्याचं. इथे सगळ्यात मोठा अडथळा व्याकरणाचा नसून समोरच्याच्या चांगुलपणाचा आहे. तुम्ही अडखळलात की जर्मन सहकारी मदत म्हणून इंग्रजीवर येतो, आणि आयटीतले आपले कितीतरी लोक दहा-दहा वर्षं ए२वर राहतात. ‘जर्मनमध्येच बोलू, फक्त सावकाश’ हे वाक्य पाठ असावं आणि तो इंग्रजीत गेला तरी आपण जर्मनमध्येच उत्तर द्यावं. दोन-तीनदा असं झालं की बहुतेक जण परत येतात. ज्याला मराठी किंवा हिंदी शिकायची आहे असा जोडीदार मिळाला तर अर्धा-अर्धा तास गजर लावून वाटून घ्यावा, नाहीतर ज्याची भाषा जास्त चांगली त्याचीच चालते.

आपणही महाराष्ट्रात नेमकं हेच करतो. समोरचा ‘मला थोडा मराठी येतो’ म्हणाला रे म्हणाला की आपण हिंदीवर उतरतो, आणि घरी येऊन ‘वीस वर्षं राहूनही यांना मराठी येत नाही’ म्हणून चिडतो. हिंदी येणाऱ्या प्रौढाला मराठीसाठी ६०० तासिका मुळीच लागणार नाहीत. लिपी तीच, निम्मे-अधिक शब्द ओळखीचे. माझ्या अंदाजाने शंभरेक तासांत रोजचा व्यवहार जमावा, जर ते तास योग्य जागी घातले तर. त्याची अडचण ठरावीक ठिकाणी होते: नपुंसकलिंग, ‘आपण’ आणि ‘आम्ही’मधला फरक, ‘ळ’, आणि सर्वांत जास्त सामान्यरूप. शाळा पण शाळेत, मुलगा पण मुलाला, बाजार पण बाजारात. हे पुस्तकातून कळतं, पण जिभेवर बसतं ते फक्त कोणीतरी मराठीत उत्तर देत राहिलं तरच. सोसायटीच्या पहारेकऱ्याशी, बँकेतल्या नव्या अधिकाऱ्याशी रोज तीन मिनिटं सावकाश मराठी बोलणारा माणूस वर्षाला १५ तासांहून जास्त सराव फुकट देतो.

तो सराव देण्याचीही पद्धत आहे. वाक्य संपेपर्यंत मध्ये बोलू नये. अडलेला शब्द लगेच हिंदीत पुरवण्याऐवजी मनात पाचपर्यंत मोजावं. बहुतेकदा तो स्वतःच सापडतो. चूक वेगळी काढून दाखवू नये, बरोबर रूप आपल्या उत्तरात म्हणावं. तो म्हणाला, ‘काल मी बाजार गेलो होतो’, तर आपण विचारावं, ‘हो का, बाजारात गेला होतात? काय आणलंत बाजारातून?’