काकांच्या मेसेजमध्ये दोन कायदे कालवलेत

परवा सकाळी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. वर हात जोडलेले, खाली ‘किमान दहा जणांना पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: गर्भपात म्हणजे खून आणि आपल्याकडे तो गुन्हाच आहे, गर्भपात बंद करा, मुली आपोआप वाचतील, नवऱ्याच्या सहीशिवाय तो होत नाही, लग्न न झालेल्या मुलीचा तर नाहीच, सहाव्या आठवड्यात हृदय धडधडतं, बाळाला सगळं कळतं, दुखतं, शास्त्रात हे महापाप, आणि एकदा केलं की पुन्हा कूस उजवत नाही. हाच मेसेज माझ्या माहेरच्या ग्रुपवरही फिरून गेला होता. पाठवणारे काका चांगले आहेत, लॉकडाऊनमध्ये अख्ख्या विंगला भाजी आणून देत होते. म्हणून तिथे तू-तू मैं-मैं न करता सविस्तर लिहिते. तीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीच लेबर रूममध्ये गेली.

गुन्हा आहे, हे अर्धं खरं. 1860 च्या दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेतही कलम 88 आहे. पण ‘खून’ मात्र कायद्याने कधीच म्हटलं नाही. मनुष्यवधाच्या कलमाखालीच स्पष्टीकरण दिलंय की आईच्या पोटातल्या बाळाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नव्हे. त्याचा एखादा अवयव जरी बाहेर आला असेल तर गोष्ट वेगळी. पुढे यावर विचार करायला 1964 साली शांतिलाल शहा समिती बसली, ठरावीक अटींवर मुभा देणारा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा 1971 ला झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. 2021 च्या सुधारणेनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, 20 ते 24 मध्ये ठरावीक बायकांसाठी दोघांचं लागतं. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. बाईचा जीवच धोक्यात असेल तर आठवडे मोजत बसत नाहीत. खरं सांगायचं तर हा कायदा बाईला हक्क कमी आणि डॉक्टरला संरक्षण जास्त देतो. बाईने मागायचं, डॉक्टरने ठरवायचं.

मुलींचा मुद्दा मात्र माझ्याही जिव्हारी लागतो. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 1991 ला 946 मुली होत्या, 2001 ला 913, 2011 ला 894. हे आकडे खोटे नाहीत. पण यावरचा कायदा वेगळा आहे. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा आपल्याच राज्याने 1988 साली केला, केंद्राचा 1994 चा. त्यात गुन्हा आहे तो पोटात काय आहे हे तपासणं आणि सांगणं. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे पहिल्या तीन महिन्यांच्या आसपास कुठे दिसू लागतं, आणि बहुतेक गर्भपात त्याआधीच झालेले असतात. सातव्या आठवड्यात गोळी मागणाऱ्या बाईला पोटात मुलगी आहे हे सोनोग्राफीवाला सांगूच शकत नाही.

पण हे दोन कायदे लोकांनी इतके कालवलेत, की भोगावं बाईला लागतं. सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला 2017 मध्ये 19 भ्रूण सापडले, बेकायदा गर्भपातात एक बाई जिवानिशी गेली. तो दवाखाना एका होमिओपॅथिक डॉक्टरचा होता. असं काही झालं की कारवाईची लाट येते आणि सगळ्यात आधी दबकतो तो कायद्याने वागणारा डॉक्टर. माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट. दोन मुलींची आई, तांबी निसटलेली, पाळी चुकून तीन आठवडे झालेले. एका खाजगी दवाखान्यात तिला दारातूनच परत लावलं: “दोन मुली आहेत ना? उद्या माझ्यावर केस व्हायची.” दोन महिन्यांनी ती आमच्याकडे आली ती रिक्षातून, अंगात फणफणून ताप, गर्भ पाडायला कुणीतरी काडी घातलेली. लुगड्याचा पदर चेहऱ्यावर ओढून घेतला होता, आणि विचारत होती, “सिस्टर, पोलीस येणार का?” जीव वाचला. पिशवी काढावी लागली.

सहीचं सांगते. संमतीच्या कागदाला फॉर्म सी म्हणतात. त्यावर बाईचं नाव आणि सही, ती 18 वर्षांखालची किंवा मानसिक आजारी असेल तर पालकाची. नवऱ्याच्या सहीचा रकानाच नाही. एका हॉस्पिटलात मी पाहिलंय, कारकून त्याच कागदावर खाली पट्टी ठेवून बॉलपेनने रेघ मारायचा आणि लिहायचा, ‘पतीची सही’. इतकी वर्षं मारत होता की त्याला ती छापीलच वाटायची. आणि लग्न न झालेल्यांचं म्हणाल तर 2021 च्या कायद्यात नवऱ्याच्या जागी ‘जोडीदार’ आला, आणि 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने 20 ते 24 आठवड्यांची सवलत अविवाहित मुलींनाही दिली. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. अल्पवयीन मुलगी आली तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलगी आणि तिचे पालक नको म्हणाले तर तिचं नाव उघड करायची गरज नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर हे पोचायला हवं, तिथे पोरी पोलिसांच्या भीतीनेच दवाखाना टाळतात.

आता हृदय. सहाव्या आठवड्यात गर्भ मसुराच्या दाण्याएवढा असतो आणि सोनोग्राफीत लुकलुक दिसते, हे खरंय. मीही कितीदा पाहिलीय. पण ते चार कप्प्यांचं तयार हृदय नव्हे, आणि कळायला-दुखायला मेंदू लागतो. तिथली जोडणी साधारण 24 आठवड्यांच्या आधी झालेली नसते. नेमका आठवडा कुठला यावर तज्ज्ञांत वाद आहेत, सहाव्या आठवड्याबद्दल नाही. नुसत्या ठोक्यांवर निर्णय सोपवला की काय होतं ते बेळगावच्या सविता हलप्पनवारच्या घरच्यांना विचारावं. स्वतः दंतवैद्य, आयर्लंडमध्ये राहायची. 17 व्या आठवड्यात गर्भ पडायला लागला, वाचणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं, पण ठोके चालू होते म्हणून कुणी हात लावेना. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि 28 ऑक्टोबर 2012 ला ती गेली. आयर्लंडने 2018 मध्ये मतदान घेऊन राज्यघटनेतलं गर्भपात रोखणारं कलम काढलं.

म्हणून गर्भ म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. पाच महिन्यांचा गर्भ ट्रेमध्ये पाहिलेल्या माणसाला तसं म्हणता येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये 26 आठवड्यांच्या बाईला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. दोन लेकरं, बाळंतपणानंतरचा मानसिक आजार, सगळं समोर असताना. मला तो निकाल कडक वाटला, पण त्यामागची अडचण कळते. दिवस भरत जातात तसं गर्भाचं पारडं जड होत जातं.

आणि गंमत म्हणजे शास्त्रही हेच म्हणतं. काकांचा ‘शास्त्रात’ हा शब्द वाचून मी रामकुंडावर आमच्या ओळखीच्या गुरुजींकडे गेले. भ्रूणहत्या महापातकांत आहे, हे त्यांनी आधी सांगितलं, मीही ते लपवत नाही. मग पराशर स्मृतीतली ओळ म्हणून दाखवली: ‘आचतुर्थाद्भवेत्स्रावः पातः पञ्चमषष्ठयोः’. चौथ्या महिन्यापर्यंत तो स्राव, पाचव्या-सहाव्यात पात, त्यापुढे प्रसूती, आणि दहा दिवसांचं सूतक तिथून. गर्भोपनिषद तर जीव सातव्या महिन्यात येतो म्हणतं. तिसऱ्या महिन्यात पोट पडलं तर कुठलं घर दहा दिवस सूतक पाळतं? माझ्या जावेचं पडलं त्या संध्याकाळी सासूबाईंनी नेहमीसारखा देवापुढे दिवा लावला होता. खून झालेल्या घरात दिवा लावत नाहीत. त्र्यंबकला जाऊन विधी करायचाय त्याने करावा, मनाला बरं वाटत असेल तर वाटू दे. पण तो केलाच पाहिजे असं भीती घालून सांगू नये.

राहिली कूस. वेळेवर, मान्यताप्राप्त ठिकाणी, प्रशिक्षित हाताने झालेल्या गर्भपाताने पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. आमच्याकडे क्युरेटिंग झालेल्या किती जणी दोन वर्षांनी त्याच टेबलावर बाळंत झाल्या. काडी घातलेली ती बाई तेवढी परत आली नाही. तिच्यापुरतं काकांचं वाक्य खरं ठरलं.