‘एमटेक म्हणजे दोन वर्षं वाया’ हा फॉरवर्ड आला असेल तर हेही वाचा

नाशिकच्या आमच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, की बीईनंतर एमटेक म्हणजे बापाच्या खिशाला चाट, ज्याला प्लेसमेंट नाही तोच करतो, दोन वर्षं वाया जातात आणि शेवटी मास्तरकीच करायची. आईवडील हे खरं धरून पोरांना अडवतात म्हणून लिहितोय.

आधी पैशाचं. गेट, म्हणजे एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा, क्वालिफाय होऊन आयआयटीत रेग्युलर एमटेकला लागलात तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो, बदल्यात आठवड्याला आठ तास टीएचं (टीचिंग असिस्टंटचं) काम, म्हणजे ज्युनिअर्सची लॅब घ्यायची, पेपर तपासायचे. फी भरावी लागतेच, पण मेस आणि हातखर्च त्यातून निघतो. पुढे पीएचडीला गेलात तर सुरुवातीला ३७,००० आणि नंतर ४२,००० फेलोशिप. हे आकडे त्या मेसेजमध्ये का नाहीत?

प्लेसमेंट न मिळालेले येतात, हो, येतात काही. पण चांगली नोकरी सोडून आलेले पण असतात, त्यांचं काय?

आता ‘वाया’चं बघू. बीईत प्रॅक्टिकलचं उत्तर जर्नलमध्ये आधीच लिहिलेलं असतं, एमटेकच्या थिसिसमध्ये ते कोणालाच माहीत नसतं, गाइडला पण नाही. धातूच्या फटीग टेस्टचंच घ्या, म्हणजे परत परत ताण देऊन धातू कधी तुटतो ते बघायचं, एक सॅम्पल मशीनला लावायचा, सेकंदाला २० वेळा ताण द्यायचा, दहा लाख सायकल व्हायला जवळपास १४ तास जातात, आणि मध्येच रात्री लाइट गेली की टेस्टचं काय करायचं हा प्रश्न. मग तुटलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली धरून क्रॅक नेमका कुठून सुटला ते शोधायचं. हे एकदा नीट केलेल्या माणसाला ‘पार्ट का तुटला’ विचारलं तर तो अंदाजाने बोलत नाही.

आणि मास्तरकी. पहिलं म्हणजे शिकवणं काही हलकं काम नाही. दुसरं, सातपूरला इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचे नोझल बनतात, त्यातली भोकं शंभर-दीडशे मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात सुखोई हे लढाऊ विमान बनलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथूनच तेजस मार्क १ए हे लढाऊ विमान उडालं. मटेरियल, कंट्रोल, टेस्टिंग हे सगळं खोलात शिकलेली माणसं अशा कामाला लागतातच ना.

एक मात्र मान्य. लॅब नाही, गाइडला वेळ नाही, थिसिस बाहेरून टाइप करून आणायचा, अशा कॉलेजात एमटेक केलं तर तो मेसेज खरा ठरतो. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, ज्या सरांकडे काम करायचंय त्यांचे मागच्या दोन-तीन वर्षांचे पेपर उघडून बघा, त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना मेल करा, मशीन चालू आहे का ते सरळ विचारा. गेटचा स्कोर तीन वर्षं चालतो, त्यामुळे पहिल्या वर्षी मनासारखं मिळालं नाही तर नोकरी करत थांबता येतं.